कोपराचं गार्ड जागेवर राहत नाही? जॅकेट आरशासमोर नाही, गाडीवर बसून घालून बघा

अडचण अशी असते. रायडिंग जॅकेट चांगलं घेतलेलं आहे, आत लेव्हल २ चे, म्हणजे आघात जास्त झेलणारे गार्ड आहेत, छातीचं माप साइझ चार्टशी जुळतंय, दुकानातल्या आरशात सगळं छान दिसलंय. पण तासभर गाडी चालवली की कोपराचं गार्ड फिरून आतल्या बाजूला येतं, नाहीतर मनगटाकडे घसरतं. चहाला थांबलं की हाताने ओढून जागेवर आणायचं आणि पुढच्या चहापर्यंत ते परत सरकलेलं. गुडघ्याच्या गार्डचंही तेच रडगाणं.

माझ्या दोन जॅकेटांना हा त्रास झाला. पहिल्या वेळी मी त्याकडे लक्षच दिलं नाही आणि ते महागात पडलं. कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालो होतो, पावसाळा संपत आलेला. एका वळणावर डोंगराकडची लाल माती वाहून रस्त्यावर आली होती. वेग फार तर पंचवीस-तीस असेल. पुढचं चाक निसटलं आणि मी डाव्या कोपरावर पडलो. जॅकेटचं बाहेरचं कापड फाटलं नाही, त्याने त्याचं काम चोख केलं. पण कोपर लगेच सुजायला लागलं. कडेला बसून जॅकेट काढताना बघितलं, तर गार्ड कोपराच्या टोकावर नव्हतंच. रक्त तपासायला शीर शोधतात ना, त्या आतल्या खळग्यात ते जाऊन बसलं होतं. गार्डवर साधा ओरखडासुद्धा नव्हता. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघालं नाही, पण तीन आठवडे हात झोळीत राहिला.

म्हणून लेव्हल १ की लेव्हल २ हा प्रश्न मी आता दुसऱ्या नंबरावर ठेवतो. हातापायांच्या गार्डसाठी ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक आहे. त्यात गार्डवर ५० जूल ऊर्जेचा आघात करतात आणि पलीकडे किती बल पोचलं ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर लेव्हल १, २० पर्यंत असेल तर लेव्हल २. म्हणजे फरक खरोखर मोठा आहे. पण प्रयोगशाळेत आघात थेट गार्डवरच होतो. रस्त्यावर पडताना गार्ड हाडाच्या आणि डांबराच्या मध्ये असेल तरच त्या आकड्याचा उपयोग. जागेवर बसलेलं लेव्हल १ हे सरकलेल्या लेव्हल २ पेक्षा केव्हाही बरं, आणि हे मी कोपर सुजवून घेतल्यावर सांगतोय.

आता मुळाशी जाऊ.

पहिलं कारण इतकं साधं आहे की ते कुणाच्या लक्षात येत नाही. आपण जॅकेट घालून बघतो ते उभं राहून, हात खाली सोडून. गाडी चालवताना हात पुढे जातो, कोपर वाकतं आणि बाही खांद्याकडून ओढली जाते. गार्डची जागा तिथेच दोन-तीन सेंटिमीटरने बदलते. शिवाय कोपराचं टोक खाली आणि किंचित बाहेर वळतं, पण सैल बाहीतलं गार्ड स्वतःच्या वजनाने लोंबत राहतं, ते कोपराबरोबर वळत नाही. बुलेटसारख्या ताठ बसायच्या गाडीवर हे कमी जाणवतं. खाली बसवलेल्या क्लिप-ऑन हँडलच्या स्पोर्ट्स बाइकवर पुढे वाकलं की बाही आणखी वर जाते आणि पाठीमागून जॅकेटही वर उचललं जातं.

दुसरं कारण आपल्या हवेशी जोडलेलं आहे. बऱ्याच टूरिंग जॅकेटांच्या आत दोन अस्तरं चेनने लावलेली येतात, एक पावसाचं आणि एक थंडीचं. दुकानात एसी चालू असतो आणि दोन्ही अस्तरं आत असतात. तशा जॅकेटमध्ये आपल्याला ‘एल’ नीट बसतो. घरी आल्यावर थंडीचं अस्तर पहिल्याच आठवड्यात निघतं. कोल्हापूर, पुणे, नाशिकला ते वर्षातले फार तर दोन महिने लागतं, आणि कोकणात उतरलं तर तेवढेही नाही. पावसात अंगाबाहेरून रेनकोट घालायची सवय असल्याने दुसरं अस्तरही कपाटात जातं. आता तोच ‘एल’ अंगावर जवळजवळ एक साइझ मोठा झालेला असतो. छातीला आपण ते चालवून घेतो, बाहीत मात्र गार्ड मोकळं फिरू लागतं. म्हणून जॅकेट घालून बघायच्या आधी दोन्ही अस्तरं काढायला सांगा. दुकानदार कुरकुरला तरी सांगा. वर्षातले दहा महिने जसं घालणार तसंच ते बसलं पाहिजे. थंडीच्या दिवसांत आत पातळ थर्मल घालता येतं, सैल जॅकेटला मात्र नंतर फार काही करता येत नाही.

माझं पहिलं जॅकेट याच कारणाने सैल होतं. म्हणून दुसरं एक साइझ लहान घेतलं आणि वाटलं, सुटलो. छाती, खांदे, कंबर सगळं व्यवस्थित. तरीही डावं कोपर तासाभरात उघडं! इथे मला तिसरं कारण कळलं. साइझ बरोबर असली तरी आतली गार्डची पिशवीच माझ्या कोपराच्या जागी शिवलेली नव्हती. प्रत्येकाच्या खांद्यापासून कोपरापर्यंतचं अंतर वेगळं, आणि कंपनी एका ‘एम’मध्ये सगळ्यांचे हात बसवते. गार्ड सरकतंय म्हणून सरसकट लहान साइझ घेत सुटू नका, त्याने दुसरा त्रास मागे लागतो. काखेत काचतं, हँडलवर हात ठेवला की बोटांना मुंग्या येतात, पोटावर चेन ताणली जाते. तसं जॅकेट माणूस पुढच्या उन्हाळ्यात खुंटीलाच लावतो.

नेमकं कुठे चुकतंय हे शोधायची माझी पद्धत आता ठरलेली आहे. जॅकेट घालून पंधरा मिनिटं घरात वावरायचं. मऊ विस्को-इलास्टिक गार्ड थंड असताना ताठ असतात आणि अंगाच्या उबेने सैलावतात, त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांतला अंदाज फसवा असतो. मग गाडी मधल्या स्टँडवर लावून बसायचं. मधला स्टँड नसेल तर कुणाला तरी धरायला सांगायचं. हँडल नेहमीसारखं धरायचं, क्लच-ब्रेक दाबायचे, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं. आता दुसऱ्या माणसाने कापडावरून बोटाने चाचपून बघायचं. खांद्याची वाटी खांद्याच्या हाडाच्या टोकावर मधोमध आहे का? कोपराचं गार्ड टोक झाकून पुढे हाताच्या खालच्या भागावरही उतरतंय का? पडताना कोपर टेकल्यावर अंग पुढे घसरतं आणि हाताचा तोच भाग रस्त्याला घासतो, म्हणून गार्ड जरासं मनगटाकडे लांबलेलं चालतं, दंडाकडे चढलेलं चालत नाही. शेवटी त्या माणसाने गार्ड चिमटीत धरून गोल फिरवायचा प्रयत्न करायचा. थोडं हलेल, तेवढं चालतं. हाडाच्या टोकावरून पूर्ण उतरत असेल तर पडताना ते उतरणारच, कारण रस्ता चिमटीपेक्षा कितीतरी जोरात ओढतो.

बिघाड सापडला की आधी पट्टे बघा. बहुतेक जॅकेटांच्या दंडाला आणि हाताच्या खालच्या भागाला आवळायचे पट्टे असतात, वेल्क्रोचे किंवा टिचबटणांचे. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचे ते कंपनीतून आले तसेच आहेत. पट्टे आवळायचे ते हात हँडलवर ठेवून. हात सरळ ठेवून आवळलेला पट्टा कोपर वाकल्यावर रुततो, मग कंटाळून माणूस तो कायमचा सोडून देतो. पट्ट्याखाली एक बोट कसंबसं जाईल इतपत आवळला की पुरे. दहापैकी पाच-सहा जणांचं दुखणं इथेच संपेल असा माझा अनुभव आहे, आणि याला एक रुपया लागत नाही.

त्यानंतर पिशवी बघायची. काही जॅकेट-पॅन्टमध्ये गार्डच्या पिशवीला वेल्क्रो असतो आणि दोन-तीन उंचीवर गार्ड लावता येतं. अस्तर उलटं करून एकदा डोळ्यांनी बघा, दोन वर्षं जॅकेट वापरूनही ही सोय माहीत नसलेले लोक मी पाहिलेत. गार्डचा आकारही बघा. वर सांगितलेल्या ईएन १६२१-१ मानकात ए आणि बी असे दोन आकार आहेत, ए लहान आणि बी मोठा. पिशवी मोठी आणि आत ए आकाराचं गार्ड असेल तर ते आतल्या आतच डुगडुगतं. तिथे जॅकेट बदलायची गरज नाही, पिशवीच्या मापाचं बी गार्ड घालून काम भागतं.

माझ्या जॅकेटला वेल्क्रो नव्हता. मी ते आमच्या पेठेतल्या शिंपीमामांकडे घेऊन गेलो आणि बाही आवळून द्या म्हणालो. त्यांनी बाही उलटी करून अस्तर पाहिलं, पिशवी दाबून पाहिली आणि विचारलं, “माप कसं घेतलासा?” मी हात सोडून उभा राहून दाखवलं. मामा म्हणाले, “गाडी चालवताना हात असं खाली सोडताय व्हय? चला, गाडीवर बसा बघू.” दुकानासमोर गाडी लावलेली होती. जॅकेट घालून बसलो, हँडल धरलं. मामांनी अंगठ्याने कोपराचं टोक शोधलं, कापडावर खडूने फुली मारली आणि गार्डच्या कडेने एक रेघ ओढली. फुली रेघेच्या बाहेर, चांगली दीड बोट आतल्या अंगाला. “बाहीत काय चुकलेलं न्हाई,” ते म्हणाले, “पिशवी चुकल्या.” त्यांनी अस्तरावरची पिशवी तीन बाजूंनी उसवली, दीड बोट सरकवून परत टीप मारली आणि कोपऱ्यांवर दुहेरी टाके घातले. अर्ध्या तासाचं काम. त्या जॅकेटचं गार्ड तेव्हापासून हललेलं नाही. दोन पावसाळे झाले, आंबोली झाली, राधानगरीकडच्या फेऱ्या तर मोजल्याच नाहीत.

इथे एक गोष्ट काळजीने सांगतो. पिशवी सरकवताना फक्त अस्तराला हात लागला पाहिजे. बाहेरच्या कापडाची शिवण उसवून बाही आवळू नका. त्या शिवणी दोन-तीन टिपांच्या असतात, जाड आणि मजबूत दोऱ्याच्या. रायडिंग कपड्यांच्या ईएन १७०९२ या मानकात कपड्याला एएए (सगळ्यात मजबूत), एए, ए असे वर्ग देतात, तेव्हा घासल्यावर कापड किती टिकतं याबरोबर शिवणीची ताकदही तपासतात. साध्या शर्टाच्या दोऱ्याने घातलेली शिवण घसरताना चेनसारखी उघडेल आणि कापड कितीही भारी असलं तरी कातडी रस्त्यावर येईल. चुकून कुणी तसं केलेलं असेल तर ते जॅकेट घाटात नेऊ नका. बाही खरोखरच फार सैल असेल तर आत पट्ट्यांनी बांधायचे वेगळे एल्बो गार्ड किंवा गार्ड शिवलेला जाळीचा अंगालगत शर्ट घ्या आणि वर जॅकेट घाला. उन्हाळ्यात थोडं गरम होतं, पण गार्ड अंगाला चिकटून राहतं.

गुडघ्याकडे वळू. इथे लोक नेमकं उलटं करतात. पॅन्ट घालून उभं राहिलं की गार्ड गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली दिसतं, म्हणून ते वर सरकवतात. मग गाडीवर बसलं की कापड मांडीकडे ओढलं जातं आणि गार्ड वाटी सोडून मांडीवर चढतं. गार्ड उभं असताना थोडं खाली असायला हवं, बसल्यावर ते बरोबर वाटीवर येतं आणि खाली नडगीचा वरचा भागही झाकतं. म्हणजे पॅन्टचा निकालसुद्धा गाडीवर बसूनच लावायचा.

गुडघ्याचं गार्ड बसल्यावरही खालीच राहत असेल तर गुडघ्याकडे नाही, कमरेकडे बघा. आपल्याकडे पोट असलेली माणसं पॅन्ट पोटाखाली बांधतात. रायडिंग पॅन्ट खऱ्या कमरेवर बसेल अशी बेतलेली असते. ती चार बोटं खाली बांधली की गुडघ्यासकट सगळंच चार बोटं खाली येतं, बाजूचे हिप गार्डही हाडावरून उतरून मांडीवर येतात. पट्टा कितीही आवळला तरी पोट तो परत खाली ढकलतं. अशा वेळी खांद्यावरून जाणारे पट्टे लावा, जुनी माणसं ज्यांना गॅलस म्हणायची ते. माझ्या मोठ्या भावाचा सगळा त्रास त्यानेच गेला. पायाच्या बाजूला पोटरीचा पट्टा असेल तर तो लावा, आणि जॅकेट-पॅन्टला जोडायची चेन असेल तर लांबच्या फेरीला ती लावाच. पाठीवर घसरताना जॅकेट वर गोळा होऊन कंबर उघडी पडते, ते या चेनने थांबतं.

पाठीचं गार्ड सरकत नाही, पण अनेक जॅकेटांत ते गार्ड नसतंच. पिशवीत हात घाला. नुसता चपटा फोम लागला आणि त्यावर ईएन १६२१-२ असं छापलेलं नसेल तर ती फक्त जागा भरलेली आहे. पाठीच्या मापाचं प्रमाणित गार्ड वेगळं घ्यावं लागेल. घेताना लांबीही बघा, बसल्यावर त्याची खालची कड सीटला टेकून वरची कड मानेत टोचता कामा नये.

बायकांच्या जॅकेटबद्दल माझ्या बहिणीने मला बरंच शिकवलं. ती पुरुषांच्या जॅकेटमधला ‘एस’ वापरायची. त्यात खांद्याच्या वाट्या दंडावर उतरायच्या आणि नितंबावर कापड एवढं ताणायचं की बसल्यावर अख्खं जॅकेट वर सरकून कोपरांची गार्डही जागा सोडायची. ती दोन वर्षं दंडाचे पट्टे आवळत राहिली, मूळ दुखणं खाली होतं. आता बायकांच्या बेताचं जॅकेट घेतल्यावर तेच गार्ड जागेवर बसलेत. तसं मिळत नसेल तर निदान बाजूला खालपर्यंत उघडणारी चेन असलेलं बघा, ती उघडली की नितंबाला जागा होते आणि वरचं जागेवर राहतं.

हेल्मेटबद्दल थोडक्यात, कारण तिथे चूक वेगळी होते. वीस मिनिटांत कपाळ ठणकतं म्हणून लोक मोठी साइझ घेतात. आधी भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा. घेर जुळत असूनही कपाळाला लाल वण उठत असेल आणि कानांच्या वर जागा मोकळी असेल, तर डोकं लांबट आणि हेल्मेट गोलसर आहे. कानशिलं दाबली जात असतील आणि कपाळापुढे बोट जात असेल तर उलट. दोन्ही वेळा साइझ नाही, मॉडेल बदलायचं. गाल दाबले जाणं मात्र नव्या हेल्मेटमध्ये बरोबरच आहे, गालाचा फोम काही आठवड्यांत बसतो. पट्टा लावून मागच्या खालच्या कडेला धरून हेल्मेट पुढे उलटवायचा प्रयत्न करा. ते निघालं तर साइझ मोठी आहे. १ जून २०२१ पासून आपल्याकडे दुचाकीची हेल्मेटं आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत, पण ते चिन्ह हेल्मेट तुमच्या डोक्याला बसतंय की नाही हे सांगत नाही. ते तुम्हालाच बघावं लागेल.

ग्लोव्हजचीही तीच चाचणी. मनगटाचा पट्टा लावायचा आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या टोकांकडून ओढायचं. ग्लोव्ह हातातून निघाला तर तो पडतानाही निघेल. मूठ वळल्यावर बोटांची टोकं शिवणीला किंचित लागली पाहिजेत, पण क्लच धरताना अंगठ्याच्या बेचक्यात ताण नको. बूट घेताना जाड मोजे घालूनच घ्या.

एक कारण राहिलं, ते दरवर्षी पावसाळ्यानंतर उगवतं. जॅकेट धुवायला गार्ड बाहेर काढतात आणि वाळल्यावर घाईत परत घालतात, डावं उजवीकडे नाहीतर वरची बाजू खाली. गार्ड वरून रुंद आणि मनगटाकडे निमुळतं असतं, उलटं घातलं की ते कोपरावर कधीच टिकणार नाही, मग पट्टे कितीही आवळा. पिशवीतून काढायच्या आधी प्रत्येक गार्डवर पर्मनंट मार्करने ‘डा’ किंवा ‘उ’ लिहा आणि मनगटाच्या दिशेने एक बाण काढा. आणि जॅकेट परत घातलं की निघायच्या आधी एकदा गाडीवर बसून कोपर चाचपा.